हुरड्याची आगटी : तयारी, कृती व दक्षता

मार्गशीर्ष सरून पौष लागला की दख्खनच्या पठारावरील रब्बी ज्वारीच्या शेतांत एक अल्पकाळ टिकणारी, परंतु सर्वांस हवीहवीशी वाटणारी अवस्था येते. दाण्यातील दूध घट्ट होऊ लागलेले असते, तरी दाणा अद्याप टणक झालेला नसतो. या अवस्थेतील कणसे निखाऱ्यावर भाजून, चोळून काढलेला दाणा म्हणजे हुरडा. घरच्या मंडळींनी, शेजाऱ्यांनी व दूरगावच्या स्नेह्यांनी शेतात जमावे, आगटी पेटवावी आणि तिच्याभोवती बसून हुरडा खावा, ही सोलापूर, बीड, अहिल्यानगर, पुणे, धाराशिव या जिल्ह्यांतील जुनी रीत आहे. लातूर व धाराशिवकडे मार्गशीर्षातील वेळ अमावास्येस, म्हणजे येळवशीस, सारे गाव शेतात जेवते. तेव्हा भज्जी व आंबील यांच्या जोडीला पीक आगाप असल्यास हुरडाही असतो.

हुरडा करण्यास विद्या लागत नाही, असा समज आहे. परंतु ज्याने कच्चा, करपलेला किंवा राखेने भरलेला हुरडा एकदा खाल्ला आहे, तो असे म्हणणार नाही. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, स्वयंपाकघरातील चुलीपाशी एक गृहिणी असते व तिचे लक्ष सर्वत्र असते. शेतातील आगटीपाशी मात्र दहा माणसे असतात व लक्ष कोणाचेच नसते. मंडळी जमली की काम सर्वांचे होते आणि जबाबदारी कोणाचीच राहत नाही. हुरड्याच्या दिवशी होणारे बहुतेक लहानमोठे अपघात यातूनच उद्भवतात. सबब आगटी पेटविण्यापूर्वी घरातील एका जाणत्या माणसाकडे तिचे काम सोपवावे, आणि शेवटचा निखारा विझेपर्यंत त्याने ते सोडू नये. त्याला खाण्यास उशीर होतो हे खरे; पण पहिला घाणा त्याच्या हाती द्यावा म्हणजे तक्रार राहत नाही.

कणसाची पारख

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरलेली ज्वारी वाण, जमीन व थंडी यांच्या मानाने साधारणतः 90 ते 100 दिवसांनी हुरड्यावर येते. ही अवस्था एका ताटावर फार तर आठवडाभर टिकते. त्याआधी दाणा नखाने दाबला असता पांढरे दूध उडते. असा दाणा भाजल्यावर चिंबतो व त्याचा चिकट लगदा होतो. योग्य अवस्थेत दाबलेल्या दाण्यातून दूध न उडता मऊ कणकेसारखा गर बाहेर येतो. नख रुतेनासे झाले म्हणजे हुरड्याचा काळ संपला असे समजावे. दाणा भरत जातो तसतशी त्यातील साखरेची पिष्ठमय पदार्थांत रूपांतरे होत जातात, म्हणून हुकलेल्या कणसाचा हुरडा फिका व चिवट लागतो. त्यावर कितीही गूळ खाल्ला तरी मूळची गोडी परत येत नाही.

पारख करताना एक बारकावा ध्यानात घ्यावा. ज्वारीच्या कणसात फुलोरा शेंड्याकडून सुरू होऊन खाली उतरतो. त्यामुळे शेंड्याचे दाणे आधी व बुडाचे दाणे काही दिवसांनी पक्व होतात. शेंड्याचा दाणा दाबून पाहणारा माणूस कणीस जून ठरवितो आणि बुडाचा दाणा पाहणारा त्यालाच कोवळे म्हणतो. मधला दाणा दाबून पाहावा.

हुरड्यासाठी सर्वच ज्वारी सारखी नाही. मोहोळ येथील निवडीतून आलेली मालदांडी 35-1 भाकरीस व कडब्यास नावाजलेली आहे आणि तिचाही हुरडा खाल्ला जातो. परंतु ज्या वाणात दाण्याभोवतीचे तूस सैल असते व दाणा चोळताच सुटतो, ते वाण या कामी सरस ठरतात. गूळभेंडी, सुरती, कुचकुची ही जुनी गावठी नावे याच गुणासाठी लोकांच्या तोंडी राहिली आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हुरड्यासाठी ‘फुले उत्तरा’ व ‘फुले मधुर’ आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘परभणी वसंत’ हे वाण दिले आहेत. ज्यांच्याकडे पाहुण्यांची वर्दळ असते, त्यांनी अशा वाणाचे चार-सहा तास विहिरीजवळ आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरावे, म्हणजे आठवड्याचा हुरडा महिनाभर पुरतो. पेरणीपूर्वी एक किलो बियाण्यास 300 मेश गंधकाची 4 ग्रॅम भुकटी चोळण्याचा कंटाळा करू नये. तसे न केल्यास दाणे काणी पडते आणि आगटीतून काढलेल्या कणसातून दाण्याऐवजी काळी भुकटी हाती येते. पाहुण्यांसमोर याहून अवघड प्रसंग नाही.

हुरड्याच्या तासांवर कीटकनाशक फवारू नये, हे उत्तम. मावा फार पडल्यामुळे फवारावेच लागले, तर औषधाच्या वेष्टणावर दिलेला प्रतीक्षा काळ संपेपर्यंत ते कणीस तोडू नये. शेजाऱ्याच्या रानातील कणसे गमतीने तोडून आणण्याची तरुण मंडळींना हौस असते. त्या रानात कोणते औषध व केव्हा पडले हे त्यांना ठाऊक नसते. शेजाऱ्याचे मन दुखावते हा दोष निराळाच.

आगटी

जागा आधी पाहावी. जवळ कडब्याची गंजी, वाळलेले गवत, गोठ्याचे छप्पर किंवा उभे वाळते पीक नसावे. वारा ज्या दिशेला वाहतो त्या अंगास तर मुळीच नसावे. दुपारनंतर वारा बदलतो, म्हणून सकाळी बिनधोक असलेली जागा तिसऱ्या प्रहरी तशीच राहील असे धरून चालू नये. आगटीपासून चार हातांवर पाण्याने भरलेल्या दोन घागरी किंवा बादल्या ठेवाव्या, आणि त्या पिण्याच्या पाण्याच्या नसाव्या. नाही तर पहिल्या तासाभरातच त्या रित्या होतात व गरज पडते तेव्हा तळाशी पेलाभर पाणी असते.

खड्डा वीतभर खोल व हात-दीड हात रुंद असला म्हणजे पुरे. नुकत्याच भिजविलेल्या रानात खणल्यास ओल वर येते व निखारा मरतो. खड्ड्याच्या कडेस नदीतले वा विहिरीतले ओले दगड मांडू नयेत. दगडात शिरलेल्या पाण्याची तापून वाफ होते व दगड फुटून त्याच्या कपच्या उडतात. कोरडी माती दाबून केलेला कट्टा दगडापेक्षा बरा.

सरपण म्हणून वाळलेल्या गोवऱ्याच वापराव्या. लाकडाची ज्वाला उंच जाते; तिने तूस जळते व दाणा आत कच्चा राहतो. गोवरीचा जाळ मंद असतो, ती आतून-बाहेरून सारखी फुलते आणि तिच्यावर राखेचा जो पातळ थर चढतो, त्यामुळे कणसाला ऊब सर्व बाजूंनी मिळते. आगटी पेटवून लगेच कणसे घालण्याची घाई करू नये. धूर पूर्णपणे थांबून गोवऱ्या लाल झाल्या व त्यांवर राखाडी साय आली, म्हणजे आगटी तयार झाली असे समजावे. शहरातून आलेल्या स्नेह्यांना फुंकर घालण्याचे फार अगत्य असते. त्यांनी फुंकणी वापरावी आणि वाऱ्याच्या बाजूस बसावे, म्हणजे राख व ठिणगी डोळ्यांत जाणार नाही.

आगटी पेटत नाही म्हणून तिच्यात रॉकेल, डिझेल वा पेट्रोल ओतणे हा या दिवसातील सर्वांत वाईट प्रकार होय. विझल्यासारख्या दिसणाऱ्या गोवरीच्या पोटात विस्तव असतो. त्यावर पेट्रोल पडताच त्याची वाफ पेट घेते आणि ज्वाला ओतणाऱ्याच्या हातातील डब्यापर्यंत पोचते. शिवाय तेलाचा वास कणसाला लागतो तो वेगळाच. पेटविण्यासाठी वाळलेले पाचट किंवा तुरीच्या चार तुराट्या पुरतात. खतांच्या व औषधांच्या रिकाम्या पिशव्या, प्लॅस्टिकचे कागद हे आगटीत टाकू नयेत. वांगी किंवा कांदे भाजण्यासाठी बांधावरची काडी मोडून घ्यावयाची असल्यास ती कण्हेरीची वा बेशरमीची नाही, याची खात्री करावी. या दोन्ही वनस्पती विषारी आहेत आणि बांधावर नेमक्या त्याच हाताशी असतात.

भाजणे व चोळणे

कणीस वीतभर दांड्यासह तोडावे आणि भाजण्याच्या आधी थोडाच वेळ तोडावे. एका वेळी आठ-दहा कणसेच आगटीत घालावी. दांडा बाहेर व कणीस निखाऱ्याच्या राखेत, अशा रीतीने ते खुपसावे आणि दांडा धरून फिरवीत राहावे. तूस तपकिरी होऊन कडेने काळवंडू लागते, दाणे तडतडतात व गोडसर खमंग वास सुटतो. तो वास येताच कणीस बाहेर काढावे. वास येऊन गेल्यावर गप्पांच्या भरात राहिलेले कणीस करपते, आणि गप्पा बहुधा याच वेळी रंगतात.

कणीस गरम असतानाच चोळले पाहिजे. निवल्यावर तूस दाण्यास चिकटते व दाणाही घट्ट होतो. शेतकऱ्याचा राबता हात हे काम सहज करतो. पाहुण्याच्या हाताला मात्र फोड येतात. त्याने कणसावर दांडा धरून झटकून राख पाडावी, जाड सुती कापडात किंवा स्वच्छ गोणपाटात कणीस गुंडाळावे व वरून चोळावे. गोणपाट घेताना ते खताचे, औषध लावलेल्या बियाण्याचे किंवा ढेपेचे नाही हे पाहावे. चोळलेला हुरडा सुपात घेऊन पाखडला की तूस व राख निघून जाते. पाखडणाऱ्याच्या समोर कोणी बसू नये. तुसाचे कुसळ डोळ्यात गेल्यास डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याची धार धरून पापणी उघडझाप करावी. तेवढ्याने न निघाल्यास डॉक्टरांकडे जावे. कोणाच्या पदराच्या टोकाने ते काढवून घेऊ नये.

सोबतीचे पदार्थ व किरकोळ फजिती

हुरड्याबरोबर लसणाची, शेंगदाण्याची, जवसाची वा कारळ्याची चटणी, गूळ, दही, बोरे, पेरू व उसाचे करवे असतात. हुरड्यावर पाणी न पिता ताक प्यावे, अशी जुनी रीत आहे, आणि ती पचनास मानवते असा बहुतेकांचा अनुभव आहे. दही व ताक नेताना भांड्याकडे लक्ष द्यावे. कल्हई गेलेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात ठेवलेले ताक कळकते. आंबटपणामुळे धातूचा अंश त्यात उतरतो आणि ते प्यालेल्यांस मळमळ व उलट्या होतात. मातीचे मडके, स्टेनलेस स्टीलचा डबा किंवा चिनी मातीची बरणी यांपैकी जे घरी असेल ते न्यावे.

चटणी शेतातच वाटण्याचा बेत असल्यास मीठ कोणी घालावयाचे हे ठरवावे. पाट्यापाशी दोघे बसले की मीठ दोनदा पडते. अशा चटणीत भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट किंवा सुके खोबरे वाढवावे. पाणी घालून ती सावरत नाही, बिघडते. निखाऱ्यात वांगी घालण्यापूर्वी त्यांना सुरीने एक-दोन चिरा द्याव्या. अखंड वांग्यात वाफ कोंडते व ते फुटून गरम गर अंगावर उडतो. पिठल्याचे पीठ उकळत्या पाण्यात थेट सोडणाऱ्याच्या नशिबी गुठळ्याच असतात; ते आधी गार पाण्यात कालवावे.

भाकरीचा प्रयोग करण्याचा उत्साह पुरुष मंडळींत या दिवशी हटकून संचारतो. पीठ जुने असले की त्याची विरी गेलेली असते, आणि मग थापणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नसतो. अशा पिठात उकळते पाणी घालून, पाच मिनिटे झाकून, मग मळावे. तरीही भाकरी परातीतून उचलताना तुटली, तर तुकडे तव्यावर भाजून घ्यावे. दह्याशी ते तितकेच चांगले लागतात. ज्याने आयुष्यात प्रथमच भाकरी थापली त्याच्या तुटलेल्या भाकरीवर होणारा विनोद निरुपद्रवी आहे. परंतु तो विनोद चालू असताना चुलीपाशी कोण आहे, याकडे आगटी सांभाळणाऱ्याचे लक्ष असावे.

लहान मुलांच्या बाबतीत थोडे अधिक सांगणे अवश्य आहे. चार-पाच वर्षांखालील मुलांस अखंड शेंगदाणे, बोरे व कडक फुटाणे देऊ नयेत. त्यांच्या दाढा पुरत्या आलेल्या नसतात. धावता-धावता किंवा हसता-हसता दाणा श्वासनलिकेत जातो. मूल खोकत असेल तर त्यास खोकू द्यावे. खोकता येईनासे झाले, आवाज बंद झाला, ओठ निळसर पडू लागले, तर त्यास पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा माराव्या. एक वर्षाखालील बालकास पुढच्या हातावर पालथे, डोके खाली करून धरावे व तशाच थापा माराव्या. तोंडात न दिसणारी वस्तू बोटाने चाचपून काढण्याचा प्रयत्न करू नये; ती आणखी आत जाते. त्याच वेळी दुसऱ्या कोणी तरी 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. महाराष्ट्रात ही सेवा 2014 पासून आहे व ती विनामूल्य मिळते.

भाजल्यास

आगटीच्या दिवशी भाजण्याचे प्रकार दोन. एक, चोळताना किंवा निखारा सारताना बोटांना बसणारा चटका. दुसरा, वस्त्र पेटणे. पहिल्यावर गार, वाहते पाणी हाच उपचार. भाजलेला भाग वीस मिनिटे साध्या गार पाण्याच्या धारेखाली धरावा. वीस मिनिटे हा काळ मोजल्यास बराच लांब वाटतो, आणि बहुतेक लोक दोन मिनिटांतच हात काढून घेतात; म्हणून घड्याळ पाहावे. पाणी घातल्याने फोड येतो, हा समज चुकीचा आहे. पाण्याने कातडीच्या आतील उष्णता कमी होते व इजा खोलवर जात नाही. बर्फ लावू नये. तूप, तेल, शाई, दंतमंजन, बटाट्याचा कीस, चुन्याची निवळी यांपैकी काहीही लावू नये. हे पदार्थ लावल्याने उष्णता आत राहते, जखम दूषित होते आणि पुढे दवाखान्यात ते खरवडून काढताना रोग्यास दुप्पट यातना होतात. हातातील बांगड्या, अंगठी, मनगटी घड्याळ सूज येण्यापूर्वी काढावे. फोड फोडू नयेत. भाजलेला भाग स्वच्छ सुती कापडाने सैल झाकावा. चेहरा, डोळे, सांधे किंवा हाताचा तळवा भाजला असेल, भाजलेली जागा रोग्याच्या तळहाताहून मोठी असेल, अथवा रोगी लहान मूल असेल, तर तो चटका नसून इजा आहे असे मानून प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

वस्त्र पेटल्यास पळू नये. पळण्याने वारा लागून ज्वाला वाढते. जमिनीवर आडवे होऊन लोळावे, आणि जवळच्याने घोंगडी किंवा जाड सुती चादर अंगावर टाकून ज्वाला दाबावी. धनगरी घोंगडी लोकरीची असते व लोकर सहजासहजी पेट घेत नाही, म्हणून आगटीजवळ एक घोंगडी बसण्यासाठी आणि एक हाताशी असावी. नायलॉनची वा पॉलिएस्टरची साडी, ओढणी व तसलेच अंगरखे यांचा विस्तवाजवळ विशेष धोका आहे. हे कापड जळताना वितळते व कातडीस चिकटते. चिकटलेले कापड ओढून काढू नये. त्यावरच पाणी ओतीत राहावे.

येथवर सांगितलेले धोके मंडळी जागी असतानाचे आहेत. त्याहून दारुण ते, जे सर्व पांगल्यावर घडतात. आगटीवर माती लोटून मंडळी घरी जातात. मातीखालचा गोवरीचा निखारा विझत नाही; मातीच्या पांघरुणामुळे तो उलट अधिक काळ धुमसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जागी राखेची मऊ, थंड दिसणारी रास असते, आणि शेतावर आलेले अनवाणी पोर तिच्यात पाय घालते. म्हणून आगटी मातीने नव्हे, पाण्याने विझवावी. पाणी कडेने थोडेथोडे सोडावे; एकदम ओतल्यास वाफ व राख तोंडावर येते. काठीने ढवळून पुन्हा पाणी घालावे, आणि हाताचा उलटा पंजा राखेवर धरून ऊब लागत नाही अशी खात्री झाल्यावरच वर माती ओढावी.

दुसरी गोष्ट मुक्कामाची. रात्री थंडी असते, पाहुणे शेतातील खोलीत झोपतात, आणि कोणी तरी उरलेले निखारे घमेल्यात भरून खोलीत आणून ठेवतो. दार-खिडकी बंद केलेली असते. धुमसणाऱ्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही, आणि त्याने डोळ्यांत पाणीही येत नाही. त्यामुळे झोपलेल्या माणसास जाग येत नाही. सकाळी डोके दुखत असलेला मनुष्य उठला तर ते त्याचे दैव. बंद खोलीत निखाऱ्याचे घमेले कोणत्याही कारणाने नेऊ नये. पांघरूण कमी पडत असल्यास शेजारून मागून आणावे.

कणसे तोडलेल्या ताटांची व्यवस्था

हुरडा माणसांस बाधत नाही; मात्र हुरड्याचे रान जनावरांस बाधू शकते, हे पुष्कळांच्या ध्यानी राहत नाही. ज्वारीच्या पानांत व कोवळ्या पोंग्यांत धुरिन नावाचे द्रव्य असते. जनावराने पाला चावला व तो पोटात गेला की त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल हे तीव्र विष तयार होते. पक्व होत आलेल्या दाण्यात हे द्रव्य जवळजवळ नसते, आणि ताटे हुरड्यावर येईपर्यंत पानांतीलही बरेच कमी झालेले असते. म्हणून कणीस तोडलेली हिरवी ताटे कापून, सुकवून व कुट्टी करून दिल्यास ती गोड व उत्तम वैरण होते.

धोका पुढे असतो. कणीस काढलेले ताट तसेच उभे ठेवल्यास त्याच्या वरच्या कांड्यांतून, आणि ताट कापल्यास धसकटातून, थोड्या ओलीवर कोवळे फुटवे येतात. पीक पाण्याअभावी ताणलेले असेल किंवा त्यास युरिया भरपूर मिळालेला असेल, तर या फुटव्यांत विषाचे प्रमाण फार वाढते. पौष-माघात इतरत्र हिरवे काही नसते. भुकेले जनावर त्या रानात शिरते व आधी तेच हिरवे शेंडे ओरबाडते. काही मिनिटांतच ते धापा टाकू लागते, थरथरते, झोकांड्या खाते, तोंडास फेस येतो व ते आडवे पडते. डोळ्यांच्या पापणीची आतील बाजू तांबडीभडक दिसते. कित्येकदा पशुवैद्य पोचण्यापूर्वीच जनावर दगावते, आणि घरची दुभती गाय अशी गेली म्हणजे एका हुरड्याच्या दिवसाची किंमत वर्षभर फेडावी लागते.

हुरड्याच्या तासांतील ताटे आठ दिवसांच्या आत बुडापासून कापून घ्यावी व ते रान नांगरून किंवा वखरून टाकावे. नांगरणे शक्य नसल्यास त्यास काट्यांचे कुंपण करावे. पाहुण्यांच्या जनावरांची किंवा मेंढपाळाच्या कळपाची त्या बाजूने ये-जा असल्यास त्यांनाही तोंडी सांगावे. फुटवे वैरणीसाठी वापरावयाचेच असतील तर ते कापून चांगल्या उन्हात पूर्ण वाळवावे, आणि भुकेल्या जनावरास प्रथम कोरडा कडबा घालून मगच थोडे थोडे द्यावे.

जनावरास विषबाधेची लक्षणे दिसताच त्यास रानाबाहेर काढावे, तोंडातील चारा काढून टाकावा, आणि मान सरळ राहील अशा रीतीने सावलीत ठेवावे. नळीने वा बांबूच्या नळकांड्याने तेल, ताक किंवा काढा पाजू नये. धाप लागलेल्या जनावराच्या फुप्फुसात तो जातो. या विषावर सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट ही शिरेतून देण्याची औषधे आहेत, व ती वेळेवर मिळाल्यास जनावर वाचते. ती पशुवैद्यानेच द्यावयाची असल्याने, 1962 या क्रमांकावर किंवा नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळविताना ‘जनावराने ज्वारीचे फुटवे खाल्ले आहेत’ एवढे वाक्य प्रथम सांगावे, म्हणजे पशुवैद्य योग्य औषध बरोबर घेऊन निघतील.